विश्वस्त, युनिटधारक आणि सामूहिक दावा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात म्युच्युअल फंडावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर एका शब्दात सामावलेले आहे आणि तो शब्द आपल्या संस्थेच्या नावातच आहे. आपली संस्था हा एक ट्रस्ट आहे. म्युच्युअल फंडही कायद्याच्या दृष्टीने ट्रस्टच असतो. आपला कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये चालतो, तर म्युच्युअल फंडाची स्थापना १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्यानुसार होते. दोन्हीकडे पैसा एकाचा, तो सांभाळणारा दुसरा. येथे दरवर्षी सभेपुढे ताळेबंद वाचला जातो, कोणी उठून वीजबिलाचा आकडा विचारतो, तर कोणी मुदतठेवीचा दर. ट्रस्टचा पैसा कोठे गुंतवता येईल याला कलम ३५ ची चौकट आहे, आणि त्या चौकटीबाहेर जायचे असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. मात्र आपण घरी जातो आणि मुलीच्या शिक्षणाचे, निवृत्तीचे लाखो रुपये अशा एका ट्रस्टकडे सोपवतो, ज्याच्या विश्वस्तांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. त्या विश्वस्तांनी किंवा त्यांनी नेमलेल्या व्यवस्थापन कंपनीने आपली दिशाभूल केली, अवाजवी शुल्क घेतले, तर सामान्य गुंतवणूकदाराने काय करावे, हा आजचा विषय आहे.

आधी शुल्काची गोष्ट, कारण ती दिसत नाही. वकील बिल देतो, डॉक्टर पावती देतो. फंडाची व्यवस्थापन कंपनी आपल्याला बिल पाठवत नाही. तिचा मोबदला दररोज एकूण मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर एनएव्ही, म्हणजे युनिटचे निव्वळ मूल्य, जाहीर होते. आपण वर्तमानपत्रात पाहतो तो आकडा शुल्क कापल्यानंतरचाच असतो. एक साधे उदाहरण घेऊ. कोणी दहा लाख रुपये वीस वर्षांसाठी गुंतवले आणि मूळ मालमत्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढली असे समजा. खर्चापोटी दरवर्षी १ टक्का गेला तर शेवटी सुमारे ५६ लाख रुपये हाती येतात. २ टक्के गेले तर सुमारे ४६ लाख ६० हजार. एका टक्क्याच्या फरकाने नऊ लाखांहून अधिक रक्कम जाते, म्हणजे जवळजवळ मूळ मुद्दलाएवढी. आपल्या व्यापारी घरांत व्याजाचा पाव टक्का कमी करून घेण्यासाठी दोन-दोन तास घासाघीस होते. येथे पूर्ण टक्का जातो आणि चहाच्या वेळीही त्याचा विषय निघत नाही.

आता समजा, हे शुल्क चुकीच्या माहितीच्या आधारे घेतले गेले आणि एका गुंतवणूकदाराचे त्यात चार हजार रुपयांचे नुकसान झाले. चार हजारांसाठी तो न्यायालयात जाणार आहे काय? वकिलाची एका तारखेची फी त्याहून अधिक होईल. पण असे तीन लाख गुंतवणूकदार असतील तर कंपनीला मिळालेली रक्कम १२० कोटी रुपये होते. नुकसान सर्वांत वाटले गेले म्हणून कोणीच भांडत नाही, आणि लाभ मात्र एका ठिकाणी साठतो. या विषमतेवरचा उपाय म्हणून सामूहिक दाव्याची कल्पना पुढे आली. एक-दोन व्यक्ती सर्वांच्या वतीने दावा लावतात, न्यायालय त्या समूहाला मान्यता देते आणि निकाल सर्वांना लागू होतो.

या कल्पनेचे आजचे रूप अमेरिकेत घडले. तेथील संघीय दिवाणी नियमांतील तेविसावा नियम १९६६ साली नव्याने लिहिला गेला. नुकसानभरपाईच्या दाव्यात, जो स्वतःहून बाहेर पडत नाही तो समूहात आहेच असे त्यानंतर धरले जाऊ लागले. फंडांपुरता १९४० चा इन्व्हेस्टमेंट कंपनी कायदा होताच. १९७० साली त्यात कलम ३६(ब) घालण्यात आले. फंडाकडून मिळणाऱ्या मोबदल्याबाबत सल्लागार कंपनीवर विश्वस्ताचे कर्तव्य आहे, असे त्या कलमाने स्पष्ट केले आणि साध्या गुंतवणूकदारालाही फंडाच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार दिला. तांत्रिक अर्थाने हा सामूहिक दावा नव्हे, कारण मिळालेली रक्कम फंडात जमा होते. परंतु हेतू तोच.

हे कायदे कसोटीला लागले ते २००३ साली. ३ सप्टेंबर २००३ रोजी न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी कॅनरी कॅपिटल या हेज फंडाविरुद्धचे प्रकरण ४ कोटी डॉलरच्या तडजोडीसह जाहीर केले. प्रकार समजण्यास सोपा आहे. फंडाचा भाव दिवसातून एकदा, न्यूयॉर्कचा बाजार बंद होताना दुपारी चार वाजता ठरतो. चारनंतर आलेल्या अर्जाला दुसऱ्या दिवशीचा भाव मिळाला पाहिजे. कॅनरीला मात्र चारनंतरच्या बातम्या ऐकून चारच्याच भावाने खरेदी करू दिली जात होती. कालच्या घोड्यांच्या शर्यतीवर आज पैज लावण्यासारखे हे आहे, असे स्पिट्झर म्हणाले होते. याच्या जोडीला काही फंड निवडक बड्या ग्राहकांना झटपट आत-बाहेर करू देत होते, आणि माहितीपत्रकात मात्र अशा व्यवहारांना आम्ही आळा घालतो असे छापत होते.

फंडांनी असे का करावे? यात शुल्काचा संबंध येतो. त्या बड्या ग्राहकाने मोठी रक्कम त्याच घराण्याच्या दुसऱ्या एखाद्या फंडात ठेवायची, असा सौदा होई. मालमत्ता वाढली की टक्केवारीने शुल्क वाढते. म्हणजे सामान्य गुंतवणूकदाराच्या खिशातून थोडे थोडे जाऊ द्यायचे आणि त्या बदल्यात स्वतःचे उत्पन्न वाढवायचे. जॅनस, स्ट्राँग, पटनम, अलायन्स अशी मोठी नावे त्या काळात चौकशीत आली. अलायन्स कॅपिटलने डिसेंबर २००३ मध्ये २५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले आणि पुढील पाच वर्षे शुल्कात सरासरी २० टक्के कपात करण्याचेही कबूल केले. दंडाबरोबर शुल्कही कमी करवून घेण्याचा हा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. दंड तिजोरीत जातो, पण कमी झालेले शुल्क गुंतवणूकदाराकडेच राहते.

देशभर दाखल झालेले खासगी दावे बाल्टिमोर येथील संघीय न्यायालयात एकत्र करण्यात आले. त्यातूनच एक प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हा दावा जॅनसच्या मूळ कंपनीच्या भागधारकांनी लावला होता. फंडाच्या माहितीपत्रकातील विधाने दिशाभूल करणारी होती, ती उघडी पडली आणि आमच्या समभागांचा भाव कोसळला, असे त्यांचे म्हणणे. १३ जून २०११ रोजी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने ते फेटाळले. कारण काय? माहितीपत्रक हे फंडाचे विधान आहे आणि फंड ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे. सल्लागार कंपनीने ते तयार करण्यात कितीही भाग घेतला असला तरी विधान 'करणारी' ती नव्हे! फंडाला स्वतःचा एकही कर्मचारी नसतो, सारे काम सल्लागार कंपनी करते. तरी जबाबदारीच्या वेळी फंड वेगळा आणि कंपनी वेगळी. चार न्यायमूर्तींना हे पटले नाही, आणि माझ्यासारख्या अनेकांना आजही पटत नाही.

शुल्काच्या दाव्यांचे तर याहून कठीण झाले. ओकमार्क या फंडांतील तीन गुंतवणूकदारांनी हॅरिस असोसिएट्स या सल्लागार कंपनीविरुद्ध २००४ साली कलम ३६(ब) खाली दावा लावला. हीच कंपनी मोठ्या संस्थांचा पैसा सांभाळण्यासाठी जो दर लावते, त्याच्या सुमारे दुप्पट आमच्याकडून घेते, अशी तक्रार होती. ३० मार्च २०१० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकष सांगितला. शुल्क इतके विषम असले पाहिजे की सेवेशी त्याचा काही वाजवी संबंध राहत नाही आणि मोकळ्या घासाघिशीतून ते ठरलेच नसते. संस्थांच्या दराशी तुलना करता येईल, परंतु दोघांच्या सेवा सारख्या नसतील तर त्या तुलनेला फारसे वजन देऊ नये, असेही म्हटले. प्रकरण खाली गेले आणि २०१५ साली कंपनीच्या बाजूने संपले. अकरा वर्षे! निवृत्तिवेतन योजनांतील कर्मचाऱ्यांना मात्र अधिक यश मिळाले. तोच फंड संस्थांसाठी स्वस्त दरात उपलब्ध असताना कर्मचाऱ्यांचा पैसा किरकोळ, महागड्या वर्गात का ठेवला, या एडिसन कंपनीविरुद्धच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एकमताने सांगितले की विश्वस्ताने गुंतवणूक एकदा निवडून चालत नाही, ती वेळोवेळी तपासत राहणे हेही त्याचे कर्तव्य आहे. आपल्या मंडळातील सदस्यांनीही हे वाक्य ऐकून ठेवण्यास हरकत नाही.

तेथील सामूहिक दाव्यांवर टीकाही होते. वकील तडजोडीच्या रकमेतून मोठा वाटा घेतात आणि गुंतवणूकदाराच्या घरी काही डॉलरचा धनादेश येतो. ही टीका खरी आहे. परंतु त्या भीतीने पुढच्या कंपनीचा हात आखडतो, हेही तितकेच खरे.

आता आपल्या देशाकडे वळू. सभागृहातील ज्येष्ठांना युएस-६४ आठवत असेल. १९६४ साली सुरू झालेली युनिट ट्रस्टची ही योजना मध्यमवर्गाला बँकेइतकीच भरवशाची वाटे. तिचा भाव प्रत्यक्ष मालमत्तेवरून ठरत नसे, तो जाहीर केला जाई. मालमत्ता आणि भाव यांतील दरी वाढत गेली आणि २ जुलै २००१ रोजी मुंबईतून युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली. गुंतवणूकदार दोन कोटींच्या घरात होते. पुढे सरकारने मदत दिली, २००३ साली संस्थेचे विभाजन झाले. लोकांना जे मिळाले ते सरकारने दिले म्हणून मिळाले, त्यांनी एकत्र येऊन मागितले म्हणून नव्हे.

सत्यम कंपनीचा घोटाळा जानेवारी २००९ मध्ये उघड झाला तेव्हा फरक अधिकच बोचला. अमेरिकेत तिचे रोखे घेतलेल्यांनी सामूहिक दावा लावला आणि कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलरची तडजोड मिळवली. येथील भागधारकांच्या हाती तसे साधन नव्हते. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २४५ आले, २०१६ साली ते लागू झाले आणि किती भागधारक एकत्र यावेत याचे नियम २०१९ साली निघाले. हे कलम कंपनीच्या सभासदांसाठी व ठेवीदारांसाठी आहे. म्युच्युअल फंड हा ट्रस्ट असल्याने युनिटधारक कंपनीचा सभासद ठरत नाही, म्हणून हा दरवाजा त्याला उघडा नाही.

ही उणीव २०२० साली प्रत्यक्ष समोर आली. २३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदी चालू असताना, फ्रँकलिन टेम्पल्टन म्युच्युअल फंडाने सहा रोखे योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सुमारे तीन लाख गुंतवणूकदार आणि २५,००० कोटी रुपयांच्या आसपासची मालमत्ता एका रात्रीत अडकली. त्यांतील काही योजनांच्या नावात 'अल्ट्रा शॉर्ट' आणि 'लो ड्युरेशन' असे शब्द होते. अल्पकाळासाठी, जवळपास बचत खात्यासारखे म्हणून लोकांनी त्यांत पैसे ठेवले होते. लग्नाचे, शस्त्रक्रियेचे, दुकानाच्या मालाचे.

न्यायालयाचा मार्ग कसा सापडला, हे पाहण्यासारखे आहे. मद्रास, दिल्ली, गुजरात अशा निरनिराळ्या उच्च न्यायालयांत रिट याचिका दाखल झाल्या. त्यांत चेन्नईची एक गुंतवणूकदार संस्था होती, तशा व्यक्तीही होत्या. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रकरणे कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपवली. सामूहिक दाव्याचा कायदा नसताना विखुरलेल्या याचिका एकत्र येऊन त्याचेच काम करू लागल्या. मूळ प्रश्न विश्वस्तांविषयीचा होता. योजना बंद करण्याचा निर्णय विश्वस्त एकट्याने घेऊ शकतात का, की ज्यांचा पैसा आहे त्यांना विचारावे लागते? कंपनी म्हणत होती, विश्वस्तांचे मत पुरेसे आहे. २४ ऑक्टोबर २०२० रोजी उच्च न्यायालयाने सांगितले की युनिटधारकांच्या बहुमताच्या संमतीशिवाय हा निर्णय अमलात आणता येणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक मतदान झाले, त्यात योजना बंद करण्याच्या बाजूने मोठा कौल मिळाला. २ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने ९,१२२ कोटी रुपये वाटण्याचा आदेश दिला आणि ते काम कंपनीकडे न देता एसबीआय म्युच्युअल फंडाकडे दिले. १४ जुलै २०२१ च्या निकालाने तत्त्व पक्के झाले. विश्वस्तांनी कारणे देऊन नोटीस प्रसिद्ध करावी, त्यानंतर युनिटधारकांची संमती घ्यावी.

येथे कोणी विचारेल, लोकांनी शेवटी बंद करण्याच्या बाजूनेच मत दिले, मग एवढा खटाटोप कशासाठी? मला वाटते, विचारले जाणे आणि गृहीत धरले जाणे यांतील फरक ट्रस्ट चालवणाऱ्यांना तरी समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय रोखे घाईने मातीमोल विकले गेले नाहीत. पुढील काळात गुंतवणूकदारांना मिळून २६,००० कोटींहून अधिक रक्कम परत मिळाली, म्हणजे योजना थांबल्या त्या दिवशीच्या मालमत्तेपेक्षा जास्तच. अर्थात ज्याला मे २०२० मध्ये रुग्णालयाचे बिल भरायचे होते, त्याला हा हिशेब सांगून काय उपयोग?

दिशाभुलीचा आणि शुल्काचा प्रश्न हाती घेतला तो सेबीने. ७ जून २०२१ च्या आदेशात सेबीचे निष्कर्ष असे होते. निरनिराळ्या वर्गांत नोंदलेल्या या योजना प्रत्यक्षात एकाच धोरणाने, जादा व्याजाच्या पण जोखमीच्या रोख्यांत चालवल्या जात होत्या. व्याजदर बदलण्याची तारीख हीच जणू मुदतीची तारीख मानून दीर्घ मुदतीचे रोखे अल्पमुदतीच्या योजनेत बसवले गेले. पाटीवर एक आणि आत दुसरेच, असा हा प्रकार. सेबीने पाच कोटी रुपयांचा दंड केला, दोन वर्षे नवी रोखे योजना काढण्यास मनाई केली आणि जून २०१८ ते एप्रिल २०२० या काळात घेतलेले व्यवस्थापन शुल्क व्याजासह, म्हणजे सुमारे ५१२ कोटी रुपये, परत करण्यास सांगितले. मला या आदेशातील शुल्क परतीचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेत गुंतवणूकदार अकरा वर्षे भांडून जे मिळवू शकले नाहीत, ते येथे नियामकाने एका आदेशात लिहिले. कंपनीने अपील केले. त्याच महिन्यात रोखे अपील न्यायाधिकरणाने आदेशाला स्थगिती देऊन २५० कोटी रुपये वेगळ्या खात्यात जमा करण्यास सांगितले.

तेव्हा आज युनिटधारकाच्या हाती काय आहे? दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार समान हितसंबंध असलेल्यांच्या वतीने प्रातिनिधिक दावा लावता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तशी सामाईक तक्रार करण्याची सोय आहे. सेबीने मान्यता दिलेल्या गुंतवणूकदार संघटनांना न्यायालयीन खर्चासाठी मदत देण्याची योजना २००९ पासूनची. यांतला कोणताही मार्ग सोपा नाही, आणि एकट्याला तर नाहीच. कलम २४५ सारखा अधिकार युनिटधारकालाही मिळावा, अशी मागणी आपल्यासारख्या संस्थांनी लेखी का करू नये? आपल्या समाजात सनदी लेखापाल आहेत, वकील आहेत, दलाल पेढीवरचे जाणकार आहेत. मसुदा करण्याइतकी माणसे या पहिल्या दोन रांगांतच बसलेली दिसतात.

मतदानाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. फ्रँकलिन प्रकरणात १२ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बहुमत म्हणजे सर्व युनिटधारकांचे बहुमत नव्हे, मतदान करणाऱ्यांचे बहुमत. जानेवारी २०२२ मध्ये सेबीने नियम दुरुस्त केले, त्यात प्रत्येक युनिटला एक मत हे सूत्र आले. म्हणजे मोठ्या कंपनीचे लाखो युनिट असतील तर तिची मतेही लाखो. छोट्या गुंतवणूकदारांपैकी बहुतेकांनी मत दिले तरच त्यांचा आकडा उभा राहतो. मतदानाची सूचना येते ती नोंदवलेल्या ई-मेलवर आणि मोबाईलवर. अनेक घरांत आजोबांच्या गुंतवणुकीवर एजंटाचाच क्रमांक नोंदलेला असतो, किंवा दहा वर्षांपूर्वी बंद केलेला. सूचना त्या क्रमांकावर जाते आणि घरातील कोणाला पत्ता लागत नाही.

म्हणून व्यासपीठावरील मान्यवरांच्या अनुमतीने एक सूचना करतो. भोजनकक्षाच्या बाहेर युवक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी टेबल मांडले आहे. ज्यांनी आपले गुंतवणुकीचे एकत्रित विवरणपत्र आणले असेल त्यांना ते तीन गोष्टी पाहून देतील: नोंदलेला मोबाईल व ई-मेल कोणाचा आहे, वारसाचे नाव लागले आहे का, आणि प्रत्येक योजनेचा वार्षिक खर्च किती टक्के आहे. ज्यांच्याजवळ आज कागद नाहीत त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत कार्यालयात यावे. मीही तेथे असेन.

जय जिनेंद्र.